रात्रीपुरता गोठा आणि चोवीस तासांची गाय

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून गोठ्याला मिळणाऱ्या अनुदानाचा आकडा गावोगाव पाठ आहे: ७७,१८८ रुपये. दोन ते सहा जनावरांसाठी, रोजगार हमीतून, पक्का गोठा. २०२१ च्या शासन निर्णयात त्याची मापंही दिली आहेत. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागा, लांबीभर गव्हाण, मूत्र साठवायला २५० लिटरचं टाकं आणि पिण्याच्या पाण्याचं २०० लिटरचं टाकं. ज्यांची जनावरं पावसाळाभर चिखलात उभी असायची, त्यांना या योजनेने कोरडी, उताराची जमीन दिली. वाया जाणारं गोमूत्र शेताच्या कामी येऊ लागलं. ही लहान गोष्ट नाही. पण त्या आराखड्यातलं पाण्याचं गणित करून पाहावं. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. सहा गाईंचं झालं पाचशे-सहाशे लिटर. म्हणजे ते टाकं दिवसातून तीनदा भरायचं. दावणीला बांधलेल्या सहा जणींपैकी टाक्यापर्यंत तोंड पोचतं ते कडेच्या एखादीचं. बाकीच्यांना बादली. ती बादली कोण उचलणार, हे आराखड्यात कुठेच येत नाही.

गोठा म्हटलं की आपण भिंती, पत्रे आणि खर्च यांचा विचार करतो. माझ्या मते गोठा ही सगळ्यात आधी कामाची वाटणी असते. दिवसभरात जनावराने काय करायचं आणि माणसाने काय करायचं, हे गोठा बांधतानाच ठरून जातं. गाय मोकळी असेल तर पाण्याकडे ती चालत जाते, उन्हातून सावलीत ती सरकते, ओल्या जागेवरून उठून कोरड्या जागी ती बसते. तिला दावं लावलं की यातलं प्रत्येक पाऊल दुसऱ्या कुणाला तरी टाकावं लागतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ते बाईला टाकावं लागतं. गाईचं सुख हा एक विषय आणि गोठ्यातले श्रम हा दुसरा, अशी विभागणी चर्चासत्रांत सोयीची असेल. गोठ्यात ती एकाच दाव्याची दोन टोकं आहेत.

आपला दावणीचा गोठा मुळात चुकीचा नव्हता. तो रात्रीपुरता होता. खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ ही जनावरं सकाळी गुराख्यामागे गायरानात जायची, ओढ्यावर पाणी प्यायची, झाडाखाली रवंथ करायची आणि दिवेलागणीला परत यायची. दावण ही त्यांची रात्रीची जागा. सुरक्षितता, थोडी वैरण, सकाळची धार आणि शेणाचा एकत्र ढीग, एवढंच काम त्या गोठ्याकडे होतं आणि ते तो चोख करायचा. खोली अंधारी असली, हवा कोंडलेली असली तरी दिवसाचे आठ-दहा तास गाय मोकळ्या हवेत असल्यामुळे ते भरून निघायचं.

मग गाय बदलली. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंच्या रेतमात्रा घेऊन संकरित पैदास गावागावांत पोचली. १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’ने दुधाला बाजार दिला; कोल्हापूरच्या गोकुळसारखे संघ त्याआधीच उभे राहिले होते. दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईच्या जागी दहा, पंधरा, वीस लिटर देणारी गाय आली. त्याच काळात गायरानं आकसली, माळ नांगराखाली गेला, उसाचं क्षेत्र वाढलं, गुराखी शाळेत किंवा कारखान्यावर गेला. नवी गाय उन्हात दहा किलोमीटर चालणारी नव्हती, आणि चालली असती तरी तिच्यासाठी चारा उरला नव्हता. ती दारात राहिली ती कायमची. रात्रीपुरत्या बांधलेल्या गोठ्यात चोवीस तासांची गाय आली आणि आपण पत्रे बदलले, कोबा केला, गव्हाण सिमेंटची केली, पण आराखडा तोच ठेवला. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी, म्हणजे कासदाह, खुरांचे आजार, मुका माज, उन्हाळ्यात तुटणारं दूध आणि गोठ्यात काम करणारीची पाठदुखी, इथून सुरू होतात.

मुंबईने हे वेगळ्या रीतीने आधीच करून पाहिलं होतं. शहरातले तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. ३२ तबेले, सुमारे सोळा हजार जनावरं. वस्तीतली घाण आणि दाटी यांतून म्हशी बाहेर आल्या, चाऱ्याला जमीन मिळाली. स्वच्छ दुधाच्या दृष्टीने तो मोठा टप्पा होता. पण गोठ्याची कल्पना तीच: ओळीत बांधलेलं जनावर, मागे नाली, आणि पाणी मारणारा, शेण ओढणारा, धार काढणारा माणूस. पुढे शासकीय फार्मपासून सहकारी संस्थांच्या पत्रकांपर्यंत ‘आदर्श गोठा’ म्हणून जे चित्र छापलं गेलं ते याच घडणीचं होतं.

गाय उठते कशी, हे एकदा जवळ बसून पाहावं. आधी ती पुढच्या गुडघ्यांवर येते. मान लांब करून डोकं पुढे आणि खाली झोकते. त्या झोक्याने अंगाचं वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो आणि मागचे पाय सरळ होतात. मग पुढचा एक पाय, मग दुसरा. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं, पण त्यासाठी नाकापुढे दोन ते अडीच फूट मोकळी जागा लागते. आपल्या गोठ्यांत नेमकी तिथे गव्हाणीची विटांची भिंत असते आणि गळ्यातली साखळी हात-दीड हात लांब. झोका देता येत नाही म्हणून गाय मागे रेटत, कोब्यावर खूर घसरवत उठते. काही गाई घोड्याप्रमाणे आधी पुढचे पाय टेकून उठायला शिकतात; तसं उठणारी गाय दिसली की तिची जागा आखूड आहे हे निश्चित समजावं. उठणं-बसणं जड झालं की गाय बसणंच टाळते. उभी राहून रवंथ करते, पाय आलटून-पालटून टेकते.

बसणं ही गाईची चैन नाही. मोकळीक मिळाली तर दुभती गाय दिवसातले बारा ते चौदा तास बसून काढते. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं, आणि गाय बसलेली असताना कासेकडे जाणारा रक्ताचा ओघ उभ्या गाईपेक्षा साधारण पाव पटीने जास्त असतो. बसलेल्या गाईचे खूर सुकतात, पायांना विश्रांती मिळते, रवंथ निवांत होते. चारा, पेंड, खनिज मिश्रण यांवर महिन्याला हजारो रुपये घालणारे आपण ती बसते किती तास, हे मात्र मोजत नाही. जागा बसायला कशी आहे हे कळायचं असेल तर आपण तिथे गुडघ्यांवर एकदम टेकावं. आपले गुडघे जे सांगतात तेच तिच्या पायांना दिवसातून दहा-बारा वेळा सोसावं लागतं. मागच्या पायांच्या सांध्यांवरचे केस उडालेले आणि कातडी सुजलेली असेल तर ती कोब्याची खूण आहे. त्यातही घोटलेला, गुळगुळीत कोबा सगळ्यात वाईट. धुवायला सोपा म्हणून गवंडी तो करून देतो आणि मग गाभण गाय त्यावर फाकते. सिमेंट करायचंच तर ओलं असतानाच त्यात बोटभर रुंदीच्या खाचा पाडाव्यात, उतार चाळीस ते साठ फुटांना एक फूट ठेवावा आणि बसायच्या जागी रबर मॅट किंवा पेंढा-पाचटाचा जाड थर द्यावा.

उन्हाचा प्रश्न आपल्याकडे थंडीपेक्षा कितीतरी मोठा, तरी बरेच नवे गोठे अजूनही ऊब धरणारे बांधले जातात. होल्स्टिन रक्ताच्या गाईला २५ अंशांपर्यंत बरं वाटतं. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की गाईला ताण येतो असं पूर्वी धरत. जास्त दुधाच्या गाईंसाठी आता ही रेषा ६८ वर आणली आहे. आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर बहुतेक दिवस दुपार या रेषेच्या वरच असते. अशी गाय आधी खाणं कमी करते, मग दूध कमी होतं, आणि शेवटी उलटण्याचं प्रमाण वाढतं. शेतकऱ्याला दूध कमी झालेलं दिसतं. गाभण न राहण्याचा संबंध तो रेतनाशी लावतो, छताशी नाही.

छत उंच हवं, कडेला दहा फूट आणि मध्यावर चौदा-पंधरा, माथ्यावर गरम हवा निघून जायला फट, आणि बाजूच्या भिंती शक्यतो नकोतच. पत्र्यावर पांढरा रंग किंवा उसाच्या पाचटाचा थर दिला तरी खालचा फरक हाताला जाणवतो. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि पक्क्या जमिनीच्या गोठ्यासाठी ते बरोबरच आहे, कारण ऊन आत शिरत नाही. पण मातीच्या मोकळ्या आवारातल्या सावलीच्या छपराला तोच नियम डोळे झाकून लावू नये. तिथे छप्पर उत्तर-दक्षिण असेल तर सावली दिवसभर सरकते, गाई तिच्यामागे सरकतात आणि बसलेली जागा उन्हाने सुकते. बारीक तुषार उडवणाऱ्या फॉगरचंही तसंच. मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याचं धुकं उपयोगी पडतं. कोकणात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर तेच धुकं हवा आणखी दमट करतं आणि गाय जास्त धापा टाकते. तिथे अंग भिजेल असे मोठे थेंब, थोड्या थोड्या वेळाने, आणि त्यावर जोराचा पंखा हे चालतं. पंख्याशिवाय पाणी मारण्यात अर्थ नाही.

आता गोठ्यातलं काम. एक संकरित गाय दिवसाला २० ते २५ किलो शेण टाकते. पाच गाई म्हणजे रोज किमान एक क्विंटल आणि वर्षाला ३६ टनांच्या वर. दावणीच्या गोठ्यात हे सगळं हाताने गोळा होतं, पाटीत भरलं जातं, डोक्यावरून उकिरड्यावर जातं. त्यात पाण्याच्या बादल्या धरा, हिरवा चारा आणि कुट्टी गव्हाणीत टाकणं धरा, उन्हात एकेक जनावर सोडून झाडाखाली बांधणं आणि परत आणणं धरा, आणि सकाळ-संध्याकाळ उकिडवं बसून काढलेली धार धरा. सासर-माहेरच्या दोन पिढ्यांतल्या बायकांची गुडघेदुखी या कामातून आली आहे. कर्जासाठी केलेल्या अनेक प्रकल्प अहवालांत मात्र त्याची नोंद ‘घरचं मनुष्यबळ’ एवढीच असते आणि समोरची रक्कम रिकामी. ज्या कामाला किंमत लावलेली नसते ते वाचवण्यासाठी कुणी पैसे घालत नाही. गोठा सुधारताना आधी पत्रा आणि शेवटी पाण्याची पाइपलाइन, असा क्रम लागतो तो यामुळेच.

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः अहिल्यानगर, पुणे, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मुक्त संचार गोठा रुजला, तो गाईवरच्या दयेपेक्षा मजुरांच्या टंचाईमुळे. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. रचना अगदी साधी आहे. एका बाजूला छप्पर, त्याखाली किंवा त्याच्या कडेला लांब गव्हाण, उरलेलं आवार मातीचं-मुरमाचं, भोवती पाइप, जाळी किंवा बांबूचं कुंपण, मध्ये एखादं-दुसरं झाड आणि एका कोपऱ्यात पाण्याचा हौद. भारतीय मानकांनुसार मोकळ्या गोठ्यात गाईमागे ३.५ चौरस मीटर छपराखाली आणि ७ चौरस मीटर उघड्यावर जागा हवी. म्हशीला ४ आणि ८. गव्हाणीला प्रत्येकी दोन ते अडीच फूट. एका गुंठ्यात मापाने नऊ-दहा गाई बसतात.

यात शेण रोज उचलावं लागत नाही. गाईंच्या पायांखाली ते तुडवलं जातं, सुकतं, मातीत मिसळतं, आणि काही महिन्यांनी चांगलं शेणखत म्हणून एकदम निघतं. वैरण कुंपणाबाहेरून गव्हाणीत पडते, त्यामुळे जनावरांच्या पायांत शिरावं लागत नाही. पाण्याला माणूस लागत नाही. अंग खाजवायला एक खरखरीत ब्रश खांबाला लावून दिला की गाई त्याच्यापाशी नंबर लावतात. गोचीड टिपायला आवारात गावरान कोंबड्या सोडायची पद्धतही याच गोठ्यांनी लोकप्रिय केली.

पण सगळ्यात मोठा फायदा हिशेबाच्या वहीत सहसा दिसत नाही. तो माजाचा. बांधलेली गाय माजावर आली तर ती हंबरेल, सोट टाकेल, दूध थोडं कमी करेल; कधी तेही नाही. मोकळी गाय दुसरीवर उडते, दुसरीला उडू देते, आणि ते रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं. एक माज हुकला की २१ दिवस गेले, आणि त्या २१ दिवसांची वैरण चालूच. ज्यांनी दावण सोडली त्यांच्या बोलण्यात ‘गाई वेळेवर गाभण जाऊ लागल्या’ हे वाक्य दुधाच्या वाढीपेक्षा आधी येतं.

मुक्त संचाराची बाजू घेणारे एका गोष्टीवर मात्र पुरेसं बोलत नाहीत, ती म्हणजे ओल. साधा हिशेब मांडू. वीस-पंचवीस किलो शेणात पाचपैकी चार भाग पाणीच असतं, म्हणजे सोळा ते वीस लिटर. वर दहा-बारा लिटर मूत्र. एका गाईमागे रोज तीसेक लिटर पाणी जमिनीवर पडतं. मानकाप्रमाणे जागा साडेदहा चौरस मीटर धरली तर ते झालं दिवसाला ३ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं. मे महिन्यात आपल्या पठारावर उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला आठ-दहा मिलिमीटर असतं. जमीन त्यापेक्षा हळू सुकते, तरी आवार कोरडं राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच बाष्पीभवन तीन-चारवर येतं, वरून पाऊस सुरू असतो, आणि आवाराचा रबडा होतो. त्यात बसलेल्या गाईचे सड दिवसभर शेणपाण्यात असतात. कासदाह आणि खुरसडा दारात येऊन उभे राहतात. म्हणून गाईमागे जागा दुप्पट ठेवता आली तर ओल निम्मी होते. एका गुंठ्यात दहा बसतात म्हणून दहा ठेवू नयेत. पाच ठेवणारा पावसाळ्यात सुखी असतो. पावसाळ्यापुरतं मुरमाचा उंच चौथरा, भोवती चर, आणि छपराखालची जागा वाढवणं हे उपाय आहेतच. पण कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात उघड्या आवाराचा आग्रह धरणं म्हणजे गाईला चिखलात उभं करणं. तिथे सगळीच जागा छताखाली हवी.

ओलीवरचा एक तोडगा म्हणजे अमेरिकेत मिनेसोटात २००१ पासून वाढलेले कंपोस्ट गोठे. सगळं आवार छताखाली, जमिनीवर लाकडाच्या भुशाचा जाड थर, गाई त्यावरच बसतात, आणि दिवसातून दोनदा धारेच्या वेळी तो थर ट्रॅक्टरने हलवतात. हवा मिळाली की तो आतून तापतो, पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत जातो आणि ओल उडवतो. आपल्याकडे भुसा महाग. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बगॅस, भाताच्या पट्ट्यात तूस, कुठे पाचटाची बारीक कुट्टी असे पर्याय आहेत आणि हलवायला छोटा रोटाव्हेटर चालतो. अट एकच, हलवणं चुकवायचं नाही. दोन दिवस चुकलं की तो थर गादी राहत नाही, उकिरडा होतो. ज्याच्याकडे रोज हे करणारं माणूस नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

युरोपात रुळलेला तिसरा प्रकार म्हणजे कप्प्यांचा गोठा: गाय मोकळी, पण बसायला प्रत्येकीला पाइपांनी आखलेला कप्पा. जागा कमी लागते, गाई स्वच्छ राहतात. मात्र कप्प्याचं माप गाईच्या मापाचं नसेल तर ती त्यात बसत नाही, रस्त्यातच बसते. कप्प्यात अंथरायला सगळ्यात उत्तम वस्तू वाळू, आणि महाराष्ट्रात वाळूचा भाव आणि वाळूचे लिलाव सगळ्यांना माहीत आहेत. शेणपाण्याचा रेंदा साठवायला वेगळी व्यवस्था लागते ती वेगळीच. मोठं भांडवल असलेल्यांनी हे केलंय. सर्वसाधारण शेतकऱ्याला मी ते सुचवणार नाही.

या सगळ्यामागे एक विचारही हळूहळू बदलत गेला. रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या १९६४ च्या पुस्तकानंतर ब्रिटनने ब्रॅम्बेल समिती नेमली. तिने १९६५ मध्ये सांगितलं की पाळलेल्या जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आलं पाहिजे. आपल्या दावणीला लावून पाहिलं तर यातल्या दोन-तीन गोष्टी तिथेच अडकतात. नॉर्वेने २००४ पासून जनावरं बांधून ठेवणारे नवे गोठे बंद केले. जुन्यांना दिलेली २०२४ ची मुदत मात्र लहान शेतकऱ्यांची अडचण पाहून २०३४ पर्यंत वाढवावी लागली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायद्याच्या धाकाने गोठे बदलतील असं मला वाटत नाही आणि तसं व्हावं अशी इच्छाही नाही. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशालाही तीस वर्षं लागतात, तिथे आपण निदान नव्या बांधकामांपासून सुरुवात करावी.

धारेची जागा हा सुधारणेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. न्यूझीलंडमध्ये १९५२ साली रॉन शार्प या शेतकऱ्याने गाई तिरक्या उभ्या करायच्या आणि धार काढणाऱ्याने खालच्या खड्ड्यात उभं राहायचं, अशी मांडणी केली. १९६९ मध्ये तिथेच मर्व्ह हिक्सने धारेचा फिरता पार्लर आणला. १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये यंत्रमानव धार काढू लागला. आपल्याकडे मंचरच्या भाग्यलक्ष्मी फार्मवर फिरता पार्लर आहे आणि शेतकऱ्यांच्या सहली तो बघायला जातात. पण या सगळ्या शोधांतला मूळ मुद्दा यंत्राचा नाही. माणसाने वाकायचं नाही, गाय वर उभी राहायची, हा आहे. तो दहा गाईंच्या गोठ्यातही पाळता येतो. मोकळ्या आवाराच्या तोंडाशी कमरेच्या थोडा खाली येईल असा दोन गाईंचा ओटा, चढायला खरखरीत उतार, समोर पेंडीचं घमेलं, आणि खाली उभं राहून लावता येईल असं दोन बादल्यांचं मशीन. गवंड्याचं तीन-चार दिवसांचं काम. उकिडवं बसणं गेलं की धारेला घरातले पुरुषही उभे राहतात, असं अनेक ठिकाणी घडलेलं आहे.

त्या ओट्यावर गडबड मात्र नको. कासेला हात लागल्यापासून मिनिटाभरात पान्हा सुटतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. गाय बिचकली, घसरली, कुणी काठी उगारली, की पान्हा आटतो आणि दूध कासेतच राहतं. ऑस्ट्रेलियातल्या पॉल हेम्सवर्थ यांनी माणसाला घाबरणाऱ्या गाई कमी दूध देतात हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. आपल्या आज्यांना ते हाताने माहीत होतं. धार झाल्यावर सडाचं तोंड अर्ध्या तासापर्यंत उघडं असतं, म्हणून त्या वेळात गाय बसू नये. त्यासाठी कुणी राखण करायची गरज नाही. ओट्यावरून उतरण्याची वाट सरळ ताज्या वैरणीच्या गव्हाणीकडे काढली की ती अर्धा तास आपणहून उभी राहते.

मुक्त संचाराच्या इतर अडचणीही खऱ्या आहेत. शिंगांच्या गाई एकीला कोपऱ्यात धरतात. म्हणून कालवडींच्या शिंगकळ्या पहिल्या दोन आठवड्यांत, पशुवैद्यकाकडून, भूल देऊन काढून घ्याव्यात. पहिलारू आणि म्हाताऱ्या गाईंना वेगळा कप्पा हवा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर भागात बिबट्या गोठ्यात येतो. तिथे वासरांना रात्री चारी बाजूंनी आणि वरून जाळी असलेल्या खोलीतच ठेवलं पाहिजे, आणि मोकळ्या गोठ्याच्या खर्चात उंच जाळी धरलीच पाहिजे. म्हशीचं तर शास्त्रच वेगळं. काळी कातडी, घाम कमी. सावली असूनही तिला अंगावर पाणी लागतं. कोल्हापुरात पंचगंगेवर म्हशी न्यायची रीत होती त्याला हेच कारण. नदी दूर गेलेल्या ठिकाणी गोठ्यातच फवारे आणि एक उथळ डबकं हवं.

शासनाने आता करायची गोष्ट फार खर्चाची नाही. रोजगार हमीच्या याच योजनेत दावणीच्या गोठ्याच्या जोडीला मोकळ्या गोठ्याचा आराखडा आणि अंदाजपत्रक द्यावं. कमी सिमेंट, जास्त कुंपण, मोठा हौद. कोकणासाठी वेगळा, पठारासाठी वेगळा. आणि ग्रामपंचायतीत आराखडा पास होताना त्या घरात शेण काढणाऱ्या बाईची सही असावी.

राहता राहिले ते ज्यांच्याकडे गावठाणातल्या दीड खणात दोन गाई आहेत आणि अंगण नाही. संख्येने ते कमी नाहीत, आणि मुक्त संचाराची भाषणं ऐकून ते घरी रिकामे जातात. त्यांना जागा वाढवता येणार नाही, पण साखळी हातभर लांब करता येते. गव्हाणीची गाईकडची भिंत मध्यभागी फोडून झोक्याला जागा करता येते. कोब्यावर खाचा पाडून रबर मॅट टाकता येते, पत्र्यावर पाचट घालता येतं. दिवसातून दोन तास, दोघींना एकत्र, बोळात किंवा शेतात मोकळं सोडता येतं. माजाची नजरचूक तेवढ्याने कमी होते. आणि दोघींच्या मध्ये, दोघींचं तोंड पोचेल अशा उंचीवर, फ्लोटने आपोआप भरणारं पाण्याचं भांडं बसवता येतं. पाइप, तोटी आणि फ्लोट धरून त्याला लागणारा पैसा पेंडीच्या एका-दोन पोत्यांइतका आहे, आणि हे काम सगळ्यात आधी करावं.